शीव गावाच्या मधोमध: म्योडलारॉइटचं प्रकरण

शीव म्हणजे गाव संपतं ती जागा, असं आपण धरून चालतो. जर्मनीतल्या म्योडलारॉइट या खेड्याची शीव मात्र गावाच्या मधून वाहते. तिचं नाव टानबाख. तिला नदी म्हणणं जिवावर येतं. ओढाच तो, पाणी कमी असेल तेव्हा शाळकरी पोरगं धावत येऊन एका उडीत ओलांडेल एवढा. आज गावात चाळीस-पन्नास माणसं राहतात. ओढ्याच्या एका काठावरची बव्हेरिया राज्याची, दुसऱ्या काठावरची थ्युरिंगियाची. १९४९ ते १९९० या काळात ही दोन वेगळ्या देशांची माणसं होती. एका काठावर पश्चिम जर्मनी आणि नाटो, दुसऱ्या काठावर पूर्व जर्मनी आणि वॉर्सा करार, आणि मध्ये कोंबडीही सहज पार करेल असं पाणी.

अमेरिकी सैनिकांनी या गावाला 'लिटल बर्लिन' असं नाव पाडलं आणि ते चिकटलं. मला ते नाव फसवं वाटतं. बर्लिनची फाळणी १९४५ साली विजेत्यांनी केली, त्याआधी त्या शहरात तशी रेषा नव्हती. म्योडलारॉइटमधली रेषा त्याच्या चारएकशे वर्षं आधीपासून होती. पिढ्यान् पिढ्या ती कुणाच्या पायात आली नाही. मग तिची भिंत कशी झाली, आणि भिंत गेल्यावर रेषेचं काय झालं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी एक साधा हिशेब ठेवणार आहे. सीमा कागदावर कुठे होती हे पाहायचंच, पण प्रत्येक काळात ओढ्यावरून कोण आणि कशासाठी जात-येत होतं, म्हणजे वहिवाट काय होती, ते जास्त नीट पाहायचं.

जागा

बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला होफ नावाचं शहर आहे. त्याच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच अशा लाटालाटांच्या माळावर हे गाव बसलं आहे. आसपास कुरणं, शेतं आणि मधूनमधून काळपट हिरवं सूचिपर्णी जंगल. हिवाळा लांबतो, वारा बोचतो. या सगळ्या पट्ट्याला बव्हेरियातले लोक थट्टेनं 'बव्हेरियाचा सैबेरिया' म्हणतात. गावाच्या नावातला 'रॉइट' हा शेवटही या भागात जागोजागी भेटतो, सगळ्यात प्रसिद्ध अर्थात बायरॉइट. त्याचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. म्हणजे मध्ययुगात कुणीतरी कुऱ्हाड घेऊन आलं, झाडं पाडली, खोडं उपटली आणि ओढ्याकाठी घरं बांधली.

टानबाख पुढे हिर्शबेर्गजवळ झाले नदीला मिळतो. (मराठीत लिहिताना ही नदी दर वेळी क्रियापद होऊ पाहते, त्याला इलाज नाही.) झाले पुढे एल्बेला मिळते आणि एल्बे उत्तर समुद्राला.

ओढ्याकाठी गाव बसणं यात नवल नाही. गुरांना पाणी लागतं, पाणचक्कीला धार लागते. आणि सरहद्द ओढ्यावरून जाणं यातही नवल नाही, कारण दगड हलवता येतो, झाड तोडता येतं, ओढा सहसा जागचा हलत नाही आणि खूण म्हणून फुकट मिळतो. शेतकऱ्याला आणि राजाच्या मोजणीदाराला एकच ओढा सोयीचा वाटला, या गावाच्या पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. शेतकऱ्याला तो गावाच्या मध्ये हवा होता, मोजणीदाराला कडेला.

विकला गेलेला मुलूख

सोळाव्या शतकापासून टानबाखच्या एका बाजूला बायरॉइटच्या मार्कग्राफांचा, म्हणजे तिथल्या संस्थानिकांचा, अंमल होता आणि दुसऱ्या बाजूला रॉइस घराण्याचा. रॉइस घराण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश ठेवत आणि नावापुढे क्रमांक लावत. गादीवर बसो न बसो, मुलगा म्हटला की हाइनरिश. धाकट्या पातीत नवं शतक लागलं की आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. असल्या राज्यकर्त्यांची हद्द गावातून जात असेल तर ती फार मनावर घ्यायची नाही, एवढं शहाणपण गावकऱ्यांत असावं.

बायरॉइटचा मुलूख १७९२ साली प्रशियाकडे गेला, १८०६ साली नेपोलियनच्या फौजेकडे, आणि १८१० साली नेपोलियननं तो १.५ कोटी फ्रँकला बव्हेरियाच्या राजाला विकून टाकला. नव्या मालकानं टानबाखच्या कडेनं नवे हद्दीचे दगड रोवले. त्यांवर एका बाजूला 'के. बी.', म्हणजे बव्हेरियाचं राज्य, आणि दुसऱ्या बाजूला 'एफ. आर.', म्हणजे रॉइसचं संस्थान, अशी अक्षरं कोरली. या सौद्यामुळे ओढ्याच्या एका काठावरचे शेतकरी, ज्यांचा म्युनिकशी काडीचा संबंध नव्हता, ते बव्हेरियन झाले. हा सौदा लक्षात ठेवावा, शेवटी तो परत येणार आहे.

आता वहिवाट. शाळा रॉइसच्या, म्हणजे पुढच्या काळात थ्युरिंगियाच्या काठावर होती. गावातली दारूची गुत्तावजा खाणावळ, तिथे 'विर्ट्सहाउस' म्हणतात ती, तीही त्याच काठावर. चर्च मात्र गावात नव्हतंच. रविवारी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेन गावी जात. दोन्ही काठ मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे, त्यामुळे देवळात वाटणी करायचं कारण नव्हतं. थोडक्यात, अक्षरं आणि बिअर पूर्वेला, देव पश्चिमेला. पोरं सकाळी एका दिशेनं ओढा ओलांडत, बाप संध्याकाळी त्याच दिशेनं, आणि रविवारी सगळं गाव उलट दिशेनं. सोयरिकी दोन्हीकडे होत्या. कर मात्र दोन वेगळ्या कचेऱ्यांत भरायचा.

१९१८ नंतर राजे गेले. रॉइस आणि आसपासची छोटी संस्थानं मिळून १९२० साली थ्युरिंगिया राज्य झालं. कागदपत्रांवरचे शिक्के तेवढे बदलले.

लंडनमधला नकाशा

सप्टेंबर १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, लंडनमध्ये मित्रराष्ट्रांच्या एका आयोगानं जर्मनीचा कुठला भाग कुणाच्या ताब्यात जाईल हे ठरवलं. नव्या रेघा आखत बसण्यापेक्षा त्यांनी जर्मनीतल्या राज्यांच्या आणि प्रांतांच्या आधीपासूनच्याच प्रशासकीय हद्दी आधाराला घेतल्या. थ्युरिंगिया सोव्हिएत वाट्याला आणि बव्हेरिया अमेरिकेच्या वाट्याला आला. नकाशावर हे फार नीटनेटकं दिसत असणार. त्या प्रमाणावर टानबाख दिसतही नसेल आणि म्योडलारॉइट तर नाहीच.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा या भागात आल्या. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी ठरल्याप्रमाणे थ्युरिंगिया सोडला आणि सोव्हिएत फौजा आल्या. त्यांनी सुरुवातीला गावाचा बव्हेरियन अर्धाही ताब्यात घेतला. तिथून ते मागे सरले ते १९४६च्या उन्हाळ्यात. पुढचा इतिहास पाहता बव्हेरियन काठावरच्या कुटुंबांचं नशीब त्या वर्षभरात किती बारीक धाग्यावर लोंबकळत होतं, याचा विचार करून पाहावा.

इथे एक तुलना महत्त्वाची आहे. रेषा बदलताच येत नव्हती असं मुळीच नाही. १७ सप्टेंबर १९४५ रोजी इथून वायव्येला, हेसे आणि थ्युरिंगियाच्या हद्दीवर, वानफ्रीड इथे अमेरिकी आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी करार करून काही खेड्यांची अदलाबदल केली. कारण काय, तर बेब्रा ते ग्योटिंगेन हा लोहमार्ग थोड्या अंतरासाठी सोव्हिएत भागातून जात होता आणि अमेरिकनांना तो अखंड हवा होता. त्या मार्गाला पुढे 'व्हिस्की-व्होडका रेषा' असं टोपणनाव पडलं. म्हणजे रुळांचा एक तुकडा जोडायला सरहद्द सरकवता आली. म्योडलारॉइटमधून रेल्वे जात नव्हती. तिथे होती फक्त शाळा, गुत्ता आणि ओढ्यावरची पायवाट. त्यांच्यासाठी कोण टेबलावर बसणार?

तरीही पहिली काही वर्षं वहिवाट चालू राहिली. ताब्यांची हद्द झाली, पुढे १९४९ साली दोन राष्ट्रं झाली, पण गावकऱ्यांना परवाना दाखवून ओढा ओलांडता येत होता. दोन राष्ट्रं झाल्यानंतरही तीनेक वर्षं गाव तुटलं नव्हतं, ही गोष्ट घाईघाईच्या वर्णनांत निसटते. गाव तोडायला वेगळा हुकूम लागला.

मे आणि जून १९५२

२६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारनं सीमेसाठी नवी व्यवस्था जाहीर केली. सीमेलगत १० मीटरची पट्टी नांगरून, कुळवून मोकळी ठेवायची, म्हणजे पावलाचा ठसा उमटला की दिसेल. त्यामागे ५०० मीटरचा संरक्षित पट्टा. त्यामागे ५ किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश. आत राहायला ओळखपत्रावर शिक्का लागे, आत यायला परवाना. ५०० मीटरच्या पट्ट्यात रात्रीची संचारबंदी.

म्योडलारॉइटसारख्या गावात या आकड्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. गावाचा अख्खा पूर्व अर्धा ५०० मीटरच्या आत. काही घरांची परसदारं १० मीटरच्या पट्टीत. नांगरून ठेवायची ती जमीन म्हणजे कुणाचं तरी अंगण, कुणाची तरी मळवाट.

पुढच्या काही दिवसांत माणसं हलवायला सुरुवात झाली. सीमेच्या सगळ्या लांबीवर मिळून आठ हजारांहून अधिक लोकांना घरांतून काढून देशाच्या आतल्या भागात नेलं गेलं. पोलीस यायचे, सामान बांधायला थोडे तास द्यायचे, ट्रक दारात उभा असायचा. निवड 'विश्वासार्ह नाहीत' या एका निकषावर. पश्चिमेला नातेवाईक असलेला, तोंडानं फटकळ असलेला, खाणावळ चालवणारा, जरा बरी शेती असलेला, कुणीही त्यात बसत असे. या मोहिमेचं जे नाव इतिहासात राहिलं आहे ते थ्युरिंगियातल्या एका पुढाऱ्याच्या हस्तलिखित टिपणातल्या शब्दावरून. तो शब्द 'उनगेत्सीफर', म्हणजे किडे-ढेकूण, उपद्रवी कीटक. शेजाऱ्यांसाठी सरकारी कागदावर हा शब्द वापरला गेला, हे मला भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त सांगणारं वाटतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये अशीच दुसरी मोहीम निघाली आणि आणखी तीन हजारांहून अधिक लोक हलवले गेले. तिचं नाव ठेवताना मात्र काळजी घेतली गेली, थ्युरिंगियाच्या काही भागात ती 'कॉर्नफ्लॉवर' या निळ्या रानफुलाच्या नावानं झाली.

म्योडलारॉइट यातून सुटलं नाही. १९५२ सालीच गावाच्या मधून माणसाच्या उंचीहून उंच फळ्यांचं कुंपण उभं राहिलं. पुढे काटेरी तारा आल्या. सीमेला खेटलेली घरं पडत गेली, त्यांत ओढ्यावरची एक पाणचक्कीही होती. ज्या धारेसाठी गाव तिथे बसलं होतं त्या धारेचा पहिला उपयोग असा संपला.

वहिवाटीचा हिशेब इथे शून्यावर येतो. शाळा पलीकडे गेली, अलीकडच्या मुलांना बव्हेरियातच दुसरी शाळा धरावी लागली. गुत्ता पलीकडे गेला. पूर्वेकडच्यांचं चर्च अलीकडे राहिलं. प्रत्येक काठाचं काहीतरी दुसऱ्या काठावर अडकलं. गाव म्हणजे घरांची रांग असती तर दोन तुकडे करून दोन गावं झाली असती. इथे तसं झालं नाही, कारण एकाही तुकड्यात पुरतं गाव नव्हतं.

शेतीही वेगळी झाली. १९६०पर्यंत पूर्वेला जवळजवळ सगळी शेतं सामुदायिक शेती संस्थांमध्ये ओढली गेली. बांध मोडले आणि मोठाले सलग तुकडे झाले. बव्हेरियाच्या बाजूला घराघराची शेती राहिली. दोन्ही राज्यांच्या हद्दीवर विमानातून पाहिलं तर शेतांच्या आकारावरून जुनी सीमा अजूनही बऱ्याच ठिकाणी ओळखू येते.

सातशे मीटर

बर्लिनची भिंत ऑगस्ट १९६१ मध्ये सुरू झाली. म्योडलारॉइटची काँक्रीटची भिंत १९६६ साली आली: ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच. दोन्ही जर्मनींमधल्या सुमारे १,४०० किलोमीटरच्या सीमेवर बहुतेक ठिकाणी भिंत नव्हतीच, जाळीची कुंपणं होती. भिंत तिथेच बांधली जिथे घरं सीमेला भिडत होती. कारण जाळीतून माणूस जात नाही, पण नजर जाते. इथे नजर अडवायची होती. पलीकडच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दिसायला नकोत, कुणाच्या घरी पाळणा हलला ते कळायला नको.

पूर्वेकडच्यांना पश्चिमेला हात हलवायलाही बंदी होती. ही तपशिलातली गोष्ट पुन्हा पुन्हा वाचूनही मला नीट पचत नाही. गोळी, सुरुंग, कुत्री, रात्रभर जळणारे दिवे हे सगळं सीमेच्या व्यवस्थेत बसतं. पण सख्खा भाऊ समोरच्या चढावर उभा आहे, तो हात करतो आहे, आणि आपण मान खाली घालून गोठ्याकडे चालत राहायचं. हे वर्षानुवर्षं रोज करायचं.

पश्चिमेकडून चित्र वेगळं होतं. बव्हेरियाच्या चढावरून भिंतीपलीकडचं गाव दिसत असे. बसगाड्या भरभरून लोक ते पाहायला येत. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले, सोबत पश्चिम जर्मनीचे संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर. एका खेड्याचे दोन अर्धे किती उलटे झाले होते बघा. पश्चिमेकडचा अर्धा परदेशी पाहुण्यांनी गजबजलेला, आणि पूर्वेकडच्या अर्ध्यात खुद्द पूर्व जर्मनीच्या नागरिकालाही परवान्याशिवाय पाय ठेवता येत नव्हता. त्या अर्ध्याला मावशी भेटायला आली तरी अर्ज करावा लागे.

पाहुण्यांना एक गोष्ट मात्र पटकन समजत नसे. सीमा म्हणजे भिंत नव्हे. भिंत पूर्वेच्या जमिनीवर थोडी आत होती, खरी हद्द तिच्या अलीकडे, ओढ्याशी. उत्साहानं ओढ्यापार जाऊन भिंतीला हात लावणारा माणूस परदेशात शिरलेला असे. बव्हेरियातल्या शेतकऱ्याला आपली गाय कुठवर चरू द्यायची याचं भान दिवसरात्र ठेवावं लागे. मोकळ्या बाजूला राहणाऱ्यालाही भिंत सुट्टी देत नव्हती. शिवाय होफचा सगळा परिसर कोपऱ्यात पडला. थ्युरिंगिया, सॅक्सनीकडचा जुना व्यापार तुटला आणि सीमेलगतच्या भागाला सरकारी सवलतींवर तगवावं लागलं.

ही भिंत ओलांडून गेलेला माणूस एकच सांगतात. मे १९७३ची गोष्ट. सीमाभागात यायचा परवाना असलेला एक जण गाडी घेऊन भिंतीशी आला, शिडी लावली आणि पलीकडे उतरला. सीमापट्ट्यात शिड्या कुलूप लावून ठेवायचा नियम होता, त्यावरून त्या शिडीची किंमत कळावी. ७०० मीटर भिंत, २३ वर्षं, आणि वहिवाटीच्या वहीत तेवढीच एक नोंद. पाणी मात्र भिंतीशेजारून वाहत राहिलं.

एक महिना उशिरा

१९८९च्या शरद ऋतूत होफचं नाव अचानक जगभर झालं. प्रागमधल्या पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन खास गाड्या निघाल्या आणि १ ऑक्टोबरला होफ स्थानकात पोचल्या. म्योडलारॉइटच्या पूर्व काठावरून ते शहर काही किलोमीटरवर. तिथे पोचायला ही माणसं आधी चेकोस्लोव्हाकियात गेली, तिथून पुन्हा पूर्व जर्मनीतूनच वळसा घालून आली.

९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. टीव्हीवर लोक भिंतीवर चढून नाचत होते. म्योडलारॉइटची भिंत दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी, तिसऱ्या दिवशीही. राजधानीत इतिहास घडतो तेव्हा खेड्याला अर्ज करावा लागतो, तशातला प्रकार. पूर्वेकडच्या माणसाला तोवर दूरच्या ठाण्यावरून वळसा घालून पश्चिमेला जाता येत होतं, पण समोरच्या घरात जाता येत नव्हतं. अखेर ९ डिसेंबर १९८९ रोजी, बरोबर एका महिन्यानं, भिंतीत पायी जाण्यापुरती वाट उघडली. ३७ वर्षांनी गावानं ओढा ओलांडला. तेव्हाही ओळखपत्र दाखवूनच.

त्याच दिवशी होफमध्ये आणखी एक बैठक झाली. दोन्ही जर्मनींमधले सुमारे ४०० निसर्ग अभ्यासक जमले आणि सीमेची ही लांबलचक पट्टी निसर्गासाठी राखावी असा ठराव त्यांनी केला. 'ग्र्यूनेस बांड', हिरवा पट्टा, हे नाव तिथलं. यामागे केवळ भाबडेपणा नव्हता. काय फ्रोबेल या अभ्यासकानं शाळकरी वयापासून सीमेलगत पक्षी मोजले होते. आपल्या गप्पीदासाच्या कुळातला 'ब्राउनकेलशन' नावाचा एक चिमुकला पक्षी आसपासच्या शेतांतून नाहीसा होत चालला होता आणि बहुतेक घरटी सीमापट्टीत करत होता. माणसाला बंदी असलेल्या जागेत खत नाही, नांगर नाही, फवारणी नाही, आणि बसायला कुंपणाचे खांब. थ्युरिंगियानं २०१८ साली आपल्या हद्दीतल्या ७६३ किलोमीटर पट्ट्याला राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला. ज्यांची शेतं-घरं त्या पट्टीत गेली त्यांच्यासमोर हा पक्षी फार कौतुकानं नाचवू नये, असं माझं मत. पण पक्ष्याचा त्यात दोष नाही.

भिंत पाडायला १७ जून १९९० रोजी यंत्र लावलं. १९५३ साली याच तारखेला पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला होता आणि पश्चिम जर्मनीत ती राष्ट्रीय सुट्टी होती, तेव्हा दिवस काही योगायोगानं निवडला नसावा. सगळी भिंत मात्र पाडली नाही. सुमारे १०० मीटरचा तुकडा, एक टेहळणी मनोरा आणि कुंपणाचे नमुने राखले आणि १९९० सालीच संग्रहालयाची तयारी सुरू केली. आता तिथे दर वर्षी हजारो लोक येतात. गावाच्या लोकसंख्येच्या मानानं हे दृश्य अजूनही १९८३ सारखंच असणार: मूठभर रहिवासी आणि बसमधून उतरणारे पाहुणे.

रेषा अजून आहे

भिंत गेली, पण गाव एक झालं नाही. १९९० साली थ्युरिंगिया राज्य पुन्हा उभं राहिलं आणि टानबाख पुन्हा दोन राज्यांची हद्द झाला, १८१० साली होता तसाच. बव्हेरियन अर्धा ट्योपेन या ग्रामपालिकेत, होफ जिल्ह्यात. थ्युरिंगियन अर्धा गेफेल या नगरपालिकेत, झाले-ओर्ला जिल्ह्यात. पिनकोड ९५१८३ आणि ०७९२६. दूरध्वनीचा विभागीय क्रमांक दोन्हीकडे वेगळा. गाड्यांच्या पाट्यांवर एका काठाला होफची अक्षरं, दुसऱ्या काठाला झाले-ओर्लाची. महापौर दोन, राज्याच्या विधानसभा दोन, शाळांच्या सुट्ट्यांची वेळापत्रकं दोन. बव्हेरियाच्या काठावर भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, पलीकडे 'गुटेन टाग'. एकाच गावात रामराम आणि नमस्कार अशी वाटणी.

या वस्तीचं एकाच राज्यात विलीनीकरण का करून टाकत नाहीत, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. मलाही पडला होता. पण वहिवाटीचा हिशेब पाहिला की त्यातली घाई ओसरते. गावाला त्रास रेषेनं दिला नव्हता. १८१० ते १९५२ या काळात रेषा होती आणि रोजचं येणं-जाणंही होतं. आज पुन्हा दोन्ही आहेत. ज्या गोष्टीनं गाव चिरलं ती काठावरचा दगड नव्हती, १० मीटर, ५०० मीटर आणि ५ किलोमीटरचे ते आकडे होते, आणि ते दूरच्या कचेरीत ठरले होते. आजच्या दोन पिनकोडांची कटकट मोठी असेलही, पण ती पत्र चुकण्यापुरती कटकट आहे. २०२० साली साथीच्या काळात दोन राज्यांचे निर्बंध वेगवेगळे झाले तेव्हा कुठल्या काठावर कुठला नियम, हा प्रश्न काही काळ पुन्हा खरा झाला, एवढंच.

सगळ्यात जुनी गाठ मात्र सुट्ट्यांच्या यादीत आहे. ३१ ऑक्टोबर हा लुथरच्या धर्मसुधारणेचा दिवस. थ्युरिंगियात त्या दिवशी सुट्टी असते, बव्हेरियात नसते, कारण बव्हेरिया एकूणात कॅथलिक वळणाचं राज्य. तिथे दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्वसंतांच्या दिवसाची सुट्टी, जी थ्युरिंगियात नाही. पण टानबाखच्या बव्हेरियन काठावरचे लोक कॅथलिक कुठे होते? बायरॉइटच्या मार्कग्राफांनी तो मुलूख सोळाव्या शतकातच लुथरच्या पंथाला नेला होता. ट्योपेनचं चर्चही त्याच पंथाचं. तेव्हा दर वर्षी ३१ तारखेला पूर्व काठ लुथरच्या नावानं निवांत असतो आणि पश्चिम काठावरचा लुथरपंथी सकाळी कामाला निघतो. दुसऱ्या दिवशी त्याला संतांची सुट्टी मिळते आणि पलीकडचा कामावर जातो. २०१७ साली, धर्मसुधारणेला ५०० वर्षं झाली म्हणून, साऱ्या जर्मनीत ३१ ऑक्टोबरची सुट्टी जाहीर झाली आणि त्या एका वर्षी दोन्ही काठ एकाच दिवशी घरी राहिले. पुढच्या वर्षापासून पुन्हा नेपोलियनच्या सौद्याप्रमाणे.